फुलाचा दांडा आणि मधमाशीची मिशी

चाकण मागे टाकून नाशिक महामार्गाने राजगुरुनगरकडे निघाले की कंपन्यांच्या कुंपणांमधून अजूनही कांद्याची वावरे दिसतात. माघ-फाल्गुनात त्यांतल्या काही वावरांत कांदा बियाण्यासाठी धरलेला असतो. हिरवे, पोकळ, मधे फुगीर दांडे आणि प्रत्येक दांड्याच्या शेंड्याला पांढऱ्या फुलांचा गोंडा. पाने नसलेल्या या दांड्याला वनस्पतिशास्त्रात ‘स्केप’ म्हणतात आणि गोंड्यातल्या एकेका फुलाला पेलणाऱ्या बारीक देठाला ‘पेडिसेल’. त्याच गोंड्यावर सातेरी मधमाशी येऊन बसली की तिची मिशी भिंगातून पाहावी. डोक्याला जोडलेला पहिला लांब भाग ‘स्केप’, त्याच्यापुढचा आखूड भाग ‘पेडिसेल’. नावे तीच आणि त्यांचा क्रमही तोच.

पेटिओल, स्टिग्मा, लिग्यूल, कोस्टा, स्क्युटेलम, टेग्मेन, ट्रेकिया, क्यूटिकल असे कित्येक शब्द वनस्पतींच्या आणि कीटकांच्या शरीररचनेत दोन्हीकडे भेटतात. त्यांचा एकत्र अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. वाचक कॉलेजात असेल, शेती करत असेल, किंवा भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखान्यात शिफ्ट करून सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन घोराडेश्वरचा डोंगर चढत असेल. साऱ्यांचे इथे मनापासून स्वागत आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. झाड आणि कीटक यांचा समाईक पूर्वज शंभर कोटी वर्षांहूनही मागे, एकपेशीय अवस्थेतच राहून गेला. तेव्हा कांद्याच्या स्केपचे आणि माशीच्या स्केपचे रक्ताचे काही नाते नाही. नाते आहे ते नावे देणाऱ्यांच्या नजरेचे. त्यांनी फूल आणि माशी एकाच टेबलावर, एकाच शिस्तीने पाहिली होती. पुढे विषय वेगळे झाले, विभाग वेगळे झाले आणि ती शिस्त दुभंगली. ती परत मिळवायची तर दोन्ही शरीरे शेजारी ठेवूनच शिकावीत, असे माझे ठाम मत आहे.

ही शिस्त मुख्यतः कार्ल लिनियस यांची. १७५१ मध्ये निघालेल्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या ग्रंथात त्यांनी वनस्पतीच्या भागांना नेमकी नावे आणि प्रत्येक नावाची आटोपशीर व्याख्या दिली. मुळापासून वर येऊन फुले धरतो पण पाने धरत नाही तो स्केप, अशा धाटणीची. त्यांचे डॅनिश शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस उप्सालाला त्यांच्या हाताखाली शिकले आणि १७७८ मध्ये त्यांनी ‘फिलॉसॉफिया एंटोमोलॉजिका’ लिहिली. ग्रंथाचे नाव गुरूच्या ग्रंथावरून घेतलेले, मांडणीही त्याच धर्तीची. गुरूने केसर मोजून फुलझाडांचे वर्ग पाडले होते. शिष्याने तोंडाचे अवयव तपासून कीटकांचे पाडले. मिशीच्या भागांपुरते बोलायचे तर विल्यम कर्बी आणि विल्यम स्पेन्स यांच्या १८१५ ते १८२६ या काळात निघालेल्या चार खंडांच्या कीटकशास्त्रात स्केप आणि पेडिसेल यांच्या व्याख्या व्यवस्थित नोंदलेल्या आढळतात.

या कथेचा एक धागा आपल्या वावरापर्यंत येतो. तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला डॅनिश वसाहत होती. तिथे १७६८ पासून योहान गेरहार्ड कोनिग हे लिनियस यांचे आणखी एक शिष्य राहत होते. पिंड वनस्पतिशास्त्रज्ञाचा, पण झाडांबरोबर कीटकही गोळा करून ते युरोपात पाठवत, आणि त्यांतल्या अनेकांची वर्णने फॅब्रिशियस यांनी लिहिली. आपल्या ओळखीच्या तीन मधमाश्यांची शास्त्रीय नावे फॅब्रिशियस यांनीच ठेवलेली आहेत. फुलोरी ती एपिस फ्लोरिया, १७८७ ची. आग्या ती एपिस डॉर्साटा आणि सातेरी ती एपिस सेराना, दोन्ही १७९३ च्या.  

आता त्या दोन पेडिसेलांकडे जरा जवळून पाहू. कांद्याच्या गोंड्यात शेकडो फुले असतात आणि ती एकदम उमलत नाहीत. कळी, उमललेले फूल आणि धरलेले बोंड एकाच गोंड्यात शेजारी शेजारी दिसतात. फुलात सहा केसर, तीन आतले आणि तीन बाहेरचे. आतल्यांचे परागकोश आधी फुटतात. त्या वेळी मधला कुक्षीवृंत जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. परागकोश रिते झाल्यावर तो पाचेक मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि मग कुठे त्याच्या टोकाची कुक्षी पराग घेण्याजोगी होते. फूल आधी नर, मग मादी. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेणारे कोणीतरी लागतेच, आणि तोवर पेडिसेल फुलाला पाणी व अन्न पुरवत त्याला ताठ ठेवतो.

माशीच्या पेडिसेलचे काम निराळे. तिचा स्केप डोक्याच्या खोबणीत सर्व बाजूंना वळतो. पेडिसेलच्या पुढे बारीक मण्यांच्या माळेसारखा फ्लॅजेलम, कामकरी माशीत दहा खंडांचा आणि नरात अकरा. या फ्लॅजेलमची सूक्ष्म थरथर पेडिसेलमध्ये दडलेले जॉन्स्टनचे इंद्रिय टिपते. उडताना समोरून येणाऱ्या वाऱ्याचा अंदाज आणि पोळ्याच्या अंधारात नाचणाऱ्या माशीच्या पंखांनी हवेत उठवलेली कंपने माशीला इथूनच कळतात. एक पेडिसेल अन्नपाण्याची वाट, दुसरा जवळपास कानच. नावे देणाऱ्यांनी काम पाहिले नव्हते. मुख्य दांड्यापुढचा आखूड दुवा, एवढी जागा पाहिली होती. शब्द जागेचा आहे की आकाराचा, कामाचा की उगमाचा, हा प्रश्न प्रत्येक समान शब्दाला विचारायचा. या अभ्यासाची सगळी पद्धत त्यात आली.

हा प्रश्न पुस्तकी नाही याची साक्ष याच रस्त्यावर मिळते. १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालेले कांदा व लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९८ मध्ये राजगुरुनगरला आले. आज ते कांदा व लसूण संशोधन संचालनालय म्हणून ओळखले जाते. कांद्याच्या बियाण्याचा विचार गोंडा आणि माशी मिळूनच करावा लागतो. पातीवरच्या पांढरट चट्ट्यांचाही तसाच. ते चट्टे फुलकिड्यांचे. पातींच्या बेचक्यात दडून बसणाऱ्या या किड्याचा उजवा जबडा नाहीसा झालेला असतो. उरलेल्या एकट्या डाव्या जबड्याने तो पातीची त्वचा भेदतो आणि पेशीतला रस ओढतो. पातीच्या त्वचेची रचना ठाऊक नसेल तर फुलकिड्याचे तोंड अर्धेच समजते.

संस्थांची वाटणी मात्र वेगळी झाली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात कोरेगाव रोडवर, तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये, आकुर्डीला. एकीकडे कागदावर दाबून वाळवलेली झाडे, दुसरीकडे टाचणीवर लावलेले कीटक. मधमाश्यांसाठी १९६२ पासून पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तीही निराळी. प्रत्येक ठिकाणचे काम मोलाचे आहे. पण ओळख पटवण्याच्या इंग्रजी किल्ल्या उघडल्या की नवख्याला तेच शब्द दोन्हीकडे भेटतात आणि तो अडखळतो. त्याच्या हाती कोणी दोन्ही बाजू एकत्र ठेवत नाही.

समान शब्दांमधला सर्वांत अर्थपूर्ण शब्द ट्रेकिया. त्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

इटलीतील बोलोन्याचे वैद्य मार्चेल्लो माल्पिगी यांनी १६६० नंतरच्या काही वर्षांत चेस्टनटची मोडलेली फांदी भिंगाखाली धरली आणि तुटलेल्या टोकातून बाहेर आलेले नागमोडी, मळसूत्री धागे पाहिले. त्या धाग्यांचा अर्थ त्यांना तेव्हा लागला नाही. मग लंडनच्या रॉयल सोसायटीच्या विनंतीवरून त्यांनी रेशीमकिडा फाडून अभ्यासला. ते पुस्तक १६६९ मध्ये निघाले. किड्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रांची ओळ, प्रत्येक छिद्रातून आत शिरणारी नळी, नळ्यांच्या फांद्या थेट आतड्यापर्यंत, आणि नळीच्या भिंतीत मळसूत्री कडे. छिद्रांवर तेल लावले की किडा मरतो, हे त्यांनी करून पाहिले. म्हणजे या श्वासाच्या नळ्या, ट्रेकिया. आता त्यांना फांदीतले धागे आठवले. तिथेही नळी, तिथेही मळसूत्र. १६७५ आणि १६७९ मध्ये दोन भागांत आलेल्या ‘अनाटोमे प्लांटारुम’मध्ये त्यांनी झाडांतल्या त्या नळ्यांनाही ट्रेकिया म्हटले आणि झाडे त्यांतून श्वास घेतात असे मानले.

हा निष्कर्ष चुकीचा होता. त्या नळ्यांमधून पाणी वर चढते. १७२७ मध्ये स्टीफन हेल्स यांनी झाड किती पाणी ओढते आणि पानांवाटे किती सोडते याची मोजमापे प्रसिद्ध केली आणि पुढे नळ्यांचे काम हळूहळू स्पष्ट होत गेले. शब्द मात्र टिकला. प्रकाष्ठातल्या निमुळत्या मृत पेशींना आजही आपण ‘ट्रेकीड’ म्हणतो, म्हणजे ट्रेकियासारख्या. पाठ्यपुस्तकात हा इतिहास एका ओळीत उरकतो, याचे मला वाईट वाटते. कारण माल्पिगी यांचा डोळा चुकला नव्हता. दोन्ही नळ्यांत मळसूत्र खरोखर आहे आणि ते असण्याचे कारणही दोन्हीकडे एकच आहे.

विहिरीवरच्या पंपाचा सक्शन पाइप आठवा, किंवा कारखान्यातला धूर ओढून नेणारा लवचीक डक्ट. आतून ओढ लागते तेव्हा मऊ नळी चपटी होते. म्हणून तिच्या भिंतीत तारेचे वेटोळे घालतात. नळी वाकते, ताणली जाते, पण मिटत नाही. झाडातले पाणी पानांच्या ओढीने वर खेचले जाते, त्यामुळे नळीच्या भिंती आत दबू पाहतात. शिवाय कोवळा भाग लांबीला वाढत असतो, तेव्हा भिंत सगळीकडून कडक करून चालत नाही. लिग्निनचे मळसूत्र दोन्ही अडचणी सोडवते. कीटकाचे शरीर सतत हलते, वळते, फुगते, आक्रसते. त्यातली हवेची नळी उघडी राहावी म्हणून तिच्या भिंतीत कायटिनचे मळसूत्री कडे. वस्तू निराळी, वंश निराळा, अडचण एक आणि तोडगाही एक. हे चाकणच्या शॉप फ्लोअरवरच्या माणसाला मी समजावून सांगण्याची गरज नाही. तोच मला चार गोष्टी अधिक सांगेल.

दोन्ही मळसूत्रे घरी पाहता येतात. पिंपरी कॅम्पातल्या बाजारात कमळकाकडी मिळते, सिंधी घरांतली ती नेहमीची भाजी. तिचा तुकडा मोडून दोन्ही टोके सावकाश दूर न्यावीत. मधे रेशमासारखे तलम धागे ताणले जातात. संस्कृत कवींचा बिसतंतू तो हाच, कमळाच्या देठातला. हे धागे म्हणजे पाण्याच्या नळ्यांमधली उलगडलेली मळसूत्रे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची वेटोळी स्पष्ट दिसतात. दुसरीकडे मेलेले झुरळ पाण्यात ठेवून पाठीकडून उघडावे. हवा भरलेल्या श्वासनळ्या चांदीसारख्या चकाकतात. झुरळाला छिद्रांच्या दहा जोड्या, दोन छातीवर आणि आठ पोटावर. झुरळ कात टाकते तेव्हा मोठ्या नळ्यांचे अस्तरही कातीबरोबर बाहेर येते. टाकलेल्या कातीत पांढरे दोरे दिसतात ते त्याचेच. झाडाला असे अस्तर बदलता येत नाही. त्याच्या नळ्या पेशी मेल्यावरच वाहू लागतात.

या छिद्रांचे जुने नाव स्टिग्मा. फुलात पराग झेलणारी कुक्षीही स्टिग्मा, आणि चतुराच्या पंखाच्या टोकाजवळचा गडद ठिपका म्हणजे टेरोस्टिग्मा. इथे शब्दाने फक्त खूण पाहिली, ठिपका पाहिला. कामाशी त्याला देणेघेणे नाही. तो ठिपका मात्र कामाचा आहे. शरीराच्या वजनाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही हलका असून तो पंखाची फडफड आवरतो. आर. ओके नॉरबर्ग यांनी १९७२ मध्ये दाखवले की त्याच्यामुळे चतुराला न थरथरता तरंगण्याचा वेग १० ते २५ टक्क्यांनी अधिक गाठता येतो. पवनेच्या काठी चतुर पुष्कळ. त्यांच्या पंखाची पुढची कड सांभाळणारी शीर ती कोस्टा. पानात मात्र मधल्या मुख्य शिरेला कोस्टा म्हणतात. पानाच्या शिरेतून पाणी आणि साखर वाहते, पंखाच्या शिरेतून रक्तद्रव, चेतातंतू आणि तीच ती श्वासनळी. दोन्ही शिरा आपापले पाते ताणून धरतात, एवढे साम्य खरे.

पेटिओल हा पानाचा देठ आणि गांधीलमाशीची बारीक कंबरही. दोन्ही ठिकाणी नवखा माणूस हद्द चुकवतो. कडुनिंबाच्या डहाळीवरचे एकेक छोटे पाते पान नव्हे. बेचक्यात कळी जिथे असते तिथे पानाचा देठ सुरू होतो, आणि त्या हिशेबाने ती सगळी पिसासारखी रचना मिळून एक पान. गांधीलमाशीची कंबर छाती आणि पोट यांच्या मधली वाटते, पण पोटाचा पहिला खंड आधीच छातीला जाऊन चिकटलेला असतो, कंबर त्याच्यानंतरची. लिग्यूल म्हणजे गवताच्या पात्याच्या आणि आवरणाच्या सांध्यावरची जिव्हिका, हरळीत ती नुसत्या केसांची कड असते. मधमाशीत लिग्यूला म्हणजे खरीखुरी मध चाटणारी जीभ. स्क्युटेलम ज्वारी-मक्याच्या दाण्यात अंकुराला अन्न शोषून देणारी ढाल, आणि ढेकणाच्या कुळातल्या किड्यांच्या पाठीवरचा त्रिकोण. रत्नासारख्या चमकणाऱ्या काही जातींत हा त्रिकोण वाढून सारे पोट झाकतो. टेग्मेन बीजाचे आतले आवरण आणि झुरळाचा किंवा नाकतोड्याचा चिवट पुढचा पंखही. यादी लांबवता येईल, पद्धत तीच.

मराठीत शिकणाऱ्याला एक सोय आहे आणि एक अडचण. आपल्या परिभाषेत फुलाची कुक्षी किंवा किंजल्क निराळा आणि कीटकाचे श्वासरंध्र निराळे, त्यामुळे अर्थाचा घोळ होत नाही. पण त्याच कारणाने हे दोन शब्द कधीकाळी एक होते याचा पत्ताही लागत नाही. म्हणून मराठी संज्ञा पक्क्या कराव्यात आणि शेजारी मूळ शब्द देवनागरीत लिहून ठेवावा, हे मला सर्वांत बरे वाटते. शेतातले दांडा, गोंडा, देठ, पाते, पेर, डोळा हे शब्द तर सोडूच नयेत. पाहून ठेवलेली नावे आहेत ती.

सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले तर मी सप्तपर्णीकडे बोट दाखवतो. पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांच्या कडेला ही झाडे भरपूर लावली आहेत, आणि अनेकांच्या पानांवर चामखिळीसारख्या गाठी असतात. पॉरोप्सिला ट्युबरक्युलाटा नावाच्या इवल्याशा रसशोषक किड्याने त्या उठवलेल्या असतात. गाठ पूर्णपणे पानाची, पण ती किड्याच्या हजेरीमुळेच तशी वाढते. आत पोकळीत त्याचे पिल्लू. ब्लेडने गाठ मधोमध चिरावी आणि दहापट भिंगाखाली धरावी. बाहेरून पानाची त्वचा आणि तिच्यावरचा मेणचट क्यूटिकल, त्याच्या आत वाढून जाड झालेल्या पेशी, मधे पोकळी, आणि पोकळीत बसलेल्या पिल्लाच्या अंगावर त्याचा स्वतःचा क्यूटिकल. दोन्हींवर मेण, दोन्हींचे काम पाणी उडू न देणे. पण पानाचा क्यूटिकल चरबीच्या जातीच्या पदार्थांचा आणि पानाबरोबरच वाढणारा, किड्याचा मात्र कायटिन आणि प्रथिनांचा, अंग वाढले की टाकून नवा घ्यावा लागणारा. या एका चिरेचे चित्र पेन्सिलीने मोठे काढावे. नावे देताना क्यूटिकल हा शब्द दोनदा येईल. तो दोन्ही ठिकाणी लिहावा, आणि एका बाणाखाली ‘क्युटिन’, दुसऱ्या बाणाखाली ‘कायटिन’ अशी नोंद करावी.